टिओची खाट

तांत फ्रोझिन उंबऱ्यातच थांबली. दाराला सरकारी माणसांनी लाल दोरी लावली होती, आणि वाटेत कुणीतरी बांधून ठेवलेल्या गाढवाकडे बघावं तशी ती त्या दोरीकडे बघत होती. मग तिनं सावकाश खोलीभर नजर फिरवली.

ती खोली मी कित्येक आठवडे खपून लावली होती. महोगनीची जड खाट, खिडकीकडे डोकं करून. उशाशी तिवईवर चष्मा, काड्या उघड्या. शेजारी पालथं ठेवलेलं पुस्तक. खाटेखाली सपाता, त्यातली डाव्या पायाची जरा पुढे, कारण टिओ उठताना डावा पाय आधी टाकायचे. आरशावर पांढरं फडकं, मरणाच्या दिवशी टाकलं होतं तसंच.

“सगळं जागच्या जागी आहे ना?” मी विचारलं. मला शाबासकी हवी होती, आणि ते बहुधा दिसत असावं.

“आहे ना,” ती म्हणाली. “म्हणूनच तर म्हणते. मास्तर, तू माझ्या भावाला दावणीला बांधलंस.”

मी कधी मास्तर नव्हतो. पोर्ट लुइझच्या सार्वजनिक लायब्ररीत उभी हयात गेली. पण सेंट अल्बान बेटावर चष्मा लावणारा आणि भांडण टाळणारा माणूस मास्तरच ठरतो. तशी तीही माझी कुणी नव्हती. तांत म्हणजे आत्या, काकू, मावशी, जी हवी ती; आन्स कोकी गावात ती सगळ्यांचीच तांत होती. सख्खी मात्र एकाचीच, टिओ कासीमीरची धाकटी बहीण.

“तांत, हे संग्रहालय आहे,” मी म्हणालो. “खोली जशीच्या तशी ठेवायची असा हुकूम आहे.”

“हुकूम देणारा तुझ्यासारखाच आमच्यातला ना? त्याच्या आईनं त्याला नववा दिवस शिकवला नाही?”

आमच्याकडे शेंबड्या पोरालाही हे ठाऊक असतं. माणूस गेला की आठ दिवस त्याची खोली तशीच ठेवायची, कारण तो सवयीनं निजायला घरी येतो. नवव्या दिवशी ती फिरवायची. खाटेचं डोकं दुसरीकडे, कपाट समोरच्या भिंतीला, आरशावरचं फडकं काढायचं, गादी उन्हात बडवायची. मग तो आला की त्याला खोली ओळखू येत नाही. चुकून दुसऱ्याच्या घरात शिरलो म्हणून ओशाळतो आणि आपल्या वाटेला लागतो. खाट उचलायला दोघं लागतात. डोक्याकडे रक्ताचं माणूस, पायाकडे परकं, पण त्या घरी जेवलेलं. खोली फिरवली नाही तर तो बिचारा रोज येऊन निजतो, रोज उठतो आणि त्याला धड मरता येत नाही.

टिओ गेले ते सकाळी. दुपारपर्यंत दारावर पोलीस आले. इतकी वर्षं या घराची पायरी न चढलेले मंत्री काळे कोट घालून अंगणात उभे राहिले. तोफा झाल्या, बँड झाला, ज्या सभागृहातून त्यांना बाहेर काढलं होतं तिथंच त्यांचा देह फुलांखाली ठेवला गेला. तांत फ्रोझिनला कपड्यांचं बोचकं बांधायला सांगितलं आणि शेजारच्या बोनिफास कोळ्याच्या मागच्या खोलीत तिची सोय लावली. नवव्या दिवशी ती आली तेव्हा हवालदारानं हात जोडले. “तांत, माझ्यावर रागवू नका. वरून आलंय.”

त्याला आता वर्ष होत आलं होतं. शनिवारी पंतप्रधान संग्रहालय उघडणार होते. त्यानंतरच्या सोमवारी खोलीच्या मधोमध जमिनीपासून छतापर्यंत काच बसणार होती आणि खाट जमिनीला स्क्रूनं आवळली जाणार होती.

“काच बसली की संपलं,” तांत म्हणाली. “टिओला लेकरू नाही. आमच्या थोरल्याचा वंश परदेशात संपला. रक्ताची मी एकटी. आणि मी किती दिवस? परवा विहिरीवर चक्कर आली, बोनिफासच्या बायकोनं धरलं नसतं तर तेव्हाच गेले असते. मी गेल्यावर खाटेचं डोकं कोण उचलेल? मग तो इथंच. कायमचा. दमलाय रे तो, मास्तर. तू बघितलायस.”

मी बघितलं होतं. एका शनिवारी मी पुस्तकं घेऊन आलो तेव्हा ते भिंतीकडे तोंड करून पडले होते. म्हणाले, “एव्हरार्ड, लोकांना अजून मी हवा आहे. मला आता फक्त झोप हवी आहे.” मी पुस्तकं ठेवली आणि निघालो.

“मी मंत्रालयात बोलून बघतो,” मी म्हणालो.

“बोल. तुझं बोलणं मला माहितीय. तू हाकललंस की कोंबडी तुझ्याकडे येते.”

मग मी, माझ्या मते फार धाडसानं, म्हणालो, “रविवारी इथं कुणी नसतं. समजा, मी किल्ली दारालाच विसरून गेलो...”

तिनं माझ्याकडे असं बघितलं की मला किल्लीचं नाव काढल्याचा पश्चात्ताप झाला.

“विसरून? चोरासारखी जाऊ मी माझ्या भावाच्या खोलीत? टिओ कासीमीर कधी मागच्या दारानं कुठं गेलाय? तो पुढच्या दारानं जाईल. दिवसाउजेडी, लोकांदेखत. नाही तर नाही जाणार.”

आणि काठी टेकत ती बोनिफासकडे निघून गेली.

*

टिओ कासीमीर कोण होते हे आमच्या बेटावर जन्मलेल्याला सांगावं लागत नाही आणि बाहेरच्याला सांगून पटत नाही. मी सांगायला लागलो की नेहमी भलत्याच ठिकाणी सुरुवात करतो. या वेळी काट्यापासून करतो.

साखर कारखान्याच्या काट्यावर ते कारकून होते. तरणेबांड, एकच बरा सदरा. बाया डोक्यावरून उसाच्या मोळ्या आणायच्या आणि काटा सांगेल ते वजन टिओ लिहायचे. काटा कमी दाखवतो हे बायांच्या मानांना ठाऊक होतं, पण मानेची साक्ष कोण धरतो? एकदा कारखान्याचे मोठे साहेब पाहणीला आले. साहेब म्हणजे रमचं पिंपच. टिओ टोपी काढून म्हणाले, “साहेब, या बाया काट्यावर संशय घेतात. तुम्हीच एकदा उभे राहून दाखवा, म्हणजे यांची तोंडं बंद होतील.” साहेब खुशीत होते. उभे राहिले. टिओनी वजन मोठ्यानं वाचलं, आणि ते एखाद्या लग्नाच्या पोरीला शोभावं इतकंच भरलं. मग एक म्हातारी कपाळाला हात लावून म्हणाली, “अगं बाई, कंपनीनं साहेबालाही चोरला की!”

ते हसणं कारखान्यापासून धक्क्यापर्यंत गेलं. आमचं स्वातंत्र्य त्या हसण्यातून निघालं, असं मी एकदा लायब्ररीच्या वार्षिक समारंभात म्हणालो होतो. कुणी ऐकलं नाही, माइक बंद होता.

त्यांची नोकरी गेली. दुसऱ्या दिवशी एकही कोयता उसाला लागला नाही. संप झाला, तुरुंग झाला, तुरुंगातून बाहेर आले ते संघटनेचे पुढारी होऊन. पुढं इंग्रजांचा झेंडा उतरला, आमचा चढला आणि टिओ पहिले पंतप्रधान झाले. गव्हर्नरच्या बंगल्यात राहायला ते गेले नाहीत. तिथं त्यांनी बाळंतिणींचं इस्पितळ काढलं. आज बेटावरची निम्मी माणसं गव्हर्नरच्या नाचघरात जन्मलेली आहेत आणि तसं तोऱ्यात सांगतात. मंत्रिमंडळ बसायचं ते आन्स कोकीच्या याच दोन खोल्यांच्या लाकडी घरात, ओसरीवर. तांत फ्रोझिन मधे हिरव्या तुरीच्या शेंगांची टोपली आणून ओतायची. “तोंडं चालू द्या, पण हातही चालू द्या,” म्हणायची. अर्थमंत्री अंदाजपत्रक वाचता वाचता दाणे सोलायचे. दुपारी तेच दाणे भातात शिजून पानात यायचे आणि मंत्री, ड्रायव्हर, टपाल घेऊन आलेला माणूस, सगळे एका पंगतीला जेवायचे. मीही तिथंच जेवलो. लेस्टर ग्रँडिसनही.

लेस्टर याच गावचा. वडील समुद्रात गेले तेव्हा टिओनी त्याला घरी आणला, शिकवला, पुढं मंत्री केला. मग उत्तरेकडचं बंदर एका परदेशी आरमाराला द्यायचं घाटायला लागलं. टिओ म्हणाले, “कंपनीच्या हातातून काटा काढला तो दुसऱ्याच्या हातात द्यायला नाही.” पक्षात मतं घेतली. टिओंच्या विरोधात सगळ्यांत आधी जो हात वर गेला तो लेस्टरचा होता.

पंतप्रधानपद गेलं. टिओ घरी आले आणि अंगणात तुरी लावल्या. हमरस्त्याच्या पाटीवरून त्यांचं नाव गेलं, शाळेच्या पुस्तकातून धडा गेला. ते मात्र कुठे गेले नाहीत. दर शुक्रवारी मासळीबाजारात खोक्यावर उभे राहायचे आणि बंदराविरुद्ध भाषण करायचे. पाऊस असो, ऊन असो, समोर कुणी असो नसो. बोनिफास म्हणायचा, “टिओ, ही मासळीसुद्धा तुमचं ऐकून ऐकून मेलीय.”

“बरं झालं,” टिओ म्हणायचे. “निदान विरोधात मत देणार नाही.”

शनिवारी मी त्यांना लायब्ररीतून पुस्तकं नेऊन द्यायचो. ते समासात पेन्सिलीनं ‘खोटं!’ असं लिहायचे, आणि मी सोमवारी बसून खोडरबरानं ते खोडायचो. आयुष्यभराची आमची ओळख ती एवढीच. म्हणून मंत्रालयाला वाटलं की खोली मीच लावावी. आणि मला ते आवडलं, हे नाकारून काय उपयोग.

*

मंत्रालयाच्या मिस लॉरेटनी माझं शांतपणे ऐकून घेतलं. हुशार, नीटनेटकी बाई.

“मिस्टर पोलिओन, आमच्या आजीची खोली आम्हीही फिरवली,” त्या हळूच म्हणाल्या. “पण पंतप्रधानांना ही अशीच हवी आहे. निवडणूक आली. बंदरावरून लोक पुन्हा बोलायला लागलेत. टिओ आपल्याच घरात, आपल्याच बाजूला बसलेत असं लोकांना वाटलं पाहिजे.”

“पण ते त्यांच्या बाजूला नव्हतेच.”

“म्हणूनच तर खोली,” मिस लॉरेट म्हणाल्या. “खोली बोलत नाही.”

मी परत आलो ते तांतला न भेटताच. बोनिफासच्या बायकोकडून निरोप ठेवला की जमलं नाही. तिनंच संध्याकाळी मला सांगितलं, तांतनं ऐकलं आणि फक्त विचारलं, “शनिवारी किती वाजता उघडतायत?”

*

शनिवारी अंगणात मांडव होता. ओसरीवर भलामोठा फलक लावला होता: ‘टिओ इथेच आहे.’ पोलिसांचा बँड, पुढच्या रांगेत पाहुण्यांच्या गादीच्या खुर्च्या आणि मागे सगळं आन्स कोकी. बोनिफासच्या परसात बाया खारा मासा परतत होत्या, नीरफणस निखाऱ्यावर ठेवले होते, धूर मांडवात येत होता आणि पाहुणे रुमाल काढत होते. तांत फ्रोझिनला पुढे बसवलं होतं. तिनं पांढरा झगा घातला होता, डोक्याला पांढरा रुमाल. नवव्या दिवसाचे कपडे. ते गावातल्या प्रत्येक बाईनं ओळखले. मंत्रालयातल्या कुणी ओळखले नाहीत, किंवा ओळखून न ओळखल्यासारखं केलं.

मी खोलीच्या दाराशी उभा होतो, हातात माहिती वाचून दाखवायचे कागद.

पंतप्रधान लेस्टर ग्रँडिसन उभे राहिले. देखणा माणूस, आवाज चांगला. टिओंनीच घडवलेला आवाज होता तो.

“बंधूंनो, भगिनींनो, मी या घरात वाढलो—”

“आणि घराला विसरलास!” मागून एक बाई.

“टिओनं माझा हात धरून मला राजकारणात आणलं—”

“आणि तू त्याचा पाय धरून बाहेर ओढलंस!” हा बोनिफास होता. लोक हसले. हवालदारानंही मिशीत हसून घेतलं.

लेस्टर थांबले, हसले. हसण्याला वाट द्यायची ही टिओंचीच रीत. मग आवाज खाली आणून म्हणाले, “टीका करा. टिओनं आपल्याला तेच शिकवलं. पण आज मी तुम्हाला वचन देतो. टिओ कासीमीर या घरातून कुठंही जाणार नाही. मी पंतप्रधान आहे तोवर त्याचा चष्मा, त्याचं पुस्तक, त्याची खाट, एक काडीसुद्धा हलणार नाही. तो इथंच राहील. माझ्या पाठीशी!”

पुढच्या रांगेनं टाळ्या वाजवल्या. मागे कुणी वाजवल्या नाहीत.

तांत फ्रोझिन उठली. लोकांना वाटलं ती आशीर्वाद द्यायला निघाली. लेस्टरही खाली वाकले. ती त्यांच्या बाजूनं ओसरीवर चढली, दाराशी आली, काठीनं लाल दोरी आकड्यातून उचकटून बाजूला टाकली आणि आत गेली. आधी आरशावरचं फडकं ओढलं. मग सपाता उचलून खिडकीबाहेर टाकल्या, आधी डावी, मग उजवी.

“तांत!” मिस लॉरेट धावल्या.

“पोरी, मधे येऊ नकोस. तुझ्या आजीचं नाव मला माहितीय.”

मिस लॉरेट थांबल्या.

तांतनं काठी भिंतीला टेकवली, खाटेच्या डोक्याशी गेली आणि दोन्ही हातांनी फळी धरली. मग बाहेर बघून खणखणीत हाक मारली, तशी हाक मी तिच्या तोंडून कधी ऐकली नव्हती.

“पायाकडे कोण येतंय?”

अंगणात कुणी हललं नाही. सगळ्यांना कळलं होतं काय चाललंय.

“लेस्टर,” ती म्हणाली, “तू ये. तू या घरी सगळ्यांत जास्त जेवलायस. तुझ्याच पानावर मी दोनदा भात वाढायचे. ये, तूच पाठव त्याला. मग तुझं-त्याचं मिटलं म्हणेन मी.”

मी लेस्टरच्या चेहऱ्याकडे बघत होतो. एक क्षण, मी शपथेवर सांगणार नाही, पण एक क्षण ते येतील असं मला वाटलं. त्यांचा पाय ओसरीच्या पायरीवर होता. मग त्यांनी कॅमेरेवाल्यांकडे पाहिलं.

“तांत, तुम्हाला उन्हाचा त्रास होतोय,” ते म्हणाले. “कुणीतरी तांतना पाणी द्या.”

“उन्हात मी ऊस वाहिलाय, बाळा,” ती म्हणाली. “पायाकडे कोण?”

बोनिफास पुढं सरकला, पण त्याला दोन पोलिसांनी अडवलं. दाराच्या आत मी एकटाच होतो. माझ्या हातात कागद होते. मला पहिला विचार आला तो हा की हे कागद ठेवायचे कुठे. तिवईवर ठेवावेत तर चष्मा सरकेल. मग मला माझंच हसू आलं. मी कागद खिशात कोंबले, पायाकडे गेलो आणि खाट धरली.

“मिस्टर पोलिओन!” लेस्टर म्हणाले. “तुम्ही सरकारी नोकर आहात!”

मला उत्तर द्यायचं होतं. चांगली उत्तरं मला नेहमी दुसऱ्या दिवशी सुचतात. त्या वेळी मी एवढंच म्हणालो, “मी इथं जेवलोय, सर.”

“उचल, मास्तर,” तांत म्हणाली.

खाट किती जड होती ते सांगत नाही. ती म्हातारी, मी म्हातारा. पहिल्यांदा फक्त करकरली. दुसऱ्यांदा तिचे पाय जमिनीपासून सुटले. आम्ही ती बोटबोट सरकवली, मग उचलली, मग पुन्हा टेकवली. तिवई उलटली, चष्मा पडला, पुस्तक पडलं. तांत दात आवळून एकेक शब्द सोडत होती, “वळव... वळव... भिंतीला धरून... मेल्या, माझ्याकडे नको, दाराकडे!” बाहेर बाया एका ठेक्यात हुंकार द्यायला लागल्या, होडी वाळूवर ओढताना देतात तसा. त्या हुंकारावर खाट फिरली. डोकं दाराकडे, पाय खिडकीकडे. तांतनं गादी ओढून ओसरीच्या कठड्यावर टाकली आणि काठीनं अशी बडवली की पुढच्या रांगेतले पाहुणे धुळीनं खोकायला लागले.

लेस्टर ग्रँडिसन आता पायरीवर नव्हते, आत आले होते. कपाळावर घाम.

“हवालदार,” ते म्हणाले, “खाट होती तशी ठेवा.”

फिरवलेली खोली जो परत लावतो, त्याच्याच घरी मेलेला बिऱ्हाड थाटतो. हेही आमच्याकडे शेंबड्या पोराला ठाऊक असतं.

हवालदार बुटांकडे बघत म्हणाला, “सर, घरी माझी लहान पोरं आहेत.”

“मग?”

“मग... त्यांना रोज रात्री टिओचं भाषण ऐकवू का, सर?”

मांडव हसला. लेस्टरनी ड्रायव्हरकडे पाहिलं. ड्रायव्हरला एकाएकी गाडीचं काहीतरी आठवलं. दोन मंत्री होते, ते आभाळाकडे बघायला लागले. शेवटी लेस्टरनी कोट काढला, मिस लॉरेटच्या हातात दिला आणि स्वतःच खाटेची पायाकडची फळी धरली.

“ए लेस्टर!”

हा आवाज पुढच्या रांगेतून आला. त्यांची आई, मा ग्रँडिसन, हॅटमधलं पीस थरथरत उभी राहिली होती.

“त्या खाटेला हात लावलास तर माझ्या घराची पायरी चढायची नाही!”

“आई, मी शिकलेला माणूस आहे. या असल्या गोष्टींवर—”

“मग शिकलेल्या माणसासारखे हात खिशात ठेव! त्याला माझ्या घरी आणतोयस? रोज सकाळी मी त्याच्यापुढं कॉफी ठेवू, आणि तो मला विचारेल, तुझ्या पोरानं असं का केलं? मी काय सांगू त्याला? सांग ना! काय सांगू?”

लेस्टरनी फळी सोडली नाही. पण उचललीही नाही. ते तसेच वाकून उभे राहिले, आणि त्या वाकण्यात मला तो जुना पोरगा दिसला, पानावर वाकून जेवणारा. मग त्यांचे हात हळूहळू सुटले.

तांतनं त्यांच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. ती उघड्या दारात जाऊन उभी राहिली, समुद्राच्या बाजूला तोंड करून. रीत आहे, रक्ताचं माणूस वाट दाखवतं आणि जमलेले त्याला साथ देतात.

“टिओ,” ती म्हणाली. साधी, ओसरीवरून जेवायला हाक मारावी तशी. “ही तुझी खोली नाही. तुझं इथं काही राहिलं नाही. कुणी राहा म्हणालं तर ऐकू नकोस. लबाड आहेत. जा, बाबा. नीज आता. जा.”

या गावानं त्यांच्या प्रत्येक सभेत ‘टिओ, राहा!’ म्हणून गळे फाडले होते. आता सगळे एकमेकांकडे बघायला लागले. मग बोनिफास म्हणाला, “जा, टिओ.” मग त्याची बायको. मग बँडमधला ढोलवाला. मग सगळा मांडव, एका आवाजात, “जा! जा!” इतक्या जोरात की बंदरावर ऐकू गेलं असेल. तिथं ऐकू गेलं असावं, हीच माझी इच्छा आहे. मीही ओरडलो. लेस्टरचे ओठ हलल्यासारखे वाटले, पण माझ्या नजरेची खात्री मी देत नाही.

तांत आत आली. कठड्यावरची गादी मी आणि हवालदारानं मिळून परत खाटेवर टाकली. त्याला हरकत नव्हती. नव्या जागी टाकायला कुणाचीच नसते. तांतनं हातानं ती चाचपली, उशी थोपटली आणि बुटांसकट आडवी झाली.

“तांत,” मिस लॉरेट घाबरून म्हणाल्या, “तुम्ही... इथं?”

“मग कुठं? त्याची होती तोवर मी बाहेर राहिले. आता ही नुसती खोली आहे, आणि घर माझ्या बापानं बांधलंय. पाहुण्यांना जेवायला वाढा. लेस्टरलाही वाढा, उपाशी पाठवू नका. आणि तो बँड गप्प करा, मला झोप येतेय.”

तिनं डोळे मिटले. आम्ही सगळे, पंतप्रधानसुद्धा, चवड्यांवर चालत बाहेर आलो. ओसरीवर मिस लॉरेटनी मला कोपऱ्यात घेतलं. त्यांच्या हातात अजून लेस्टरचा कोट होता.

“सोमवारी काचवाले येणार, मिस्टर पोलिओन. मंत्रालयात मी काय कळवू?”

या वेळी उत्तर मला त्याच दिवशी सुचलं.

“कळवा,” मी म्हणालो, “की घरात माणूस राहतं.”